नग चार, बरोबर

पेडगावचे महारुद्रराव एकतीस वर्षं एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात स्टोअरकीपर होते. खिडकीच्या आत ते आणि खिडकीच्या बाहेर मिस्त्री, अशी त्यांची दुनिया. मिस्त्री काळ्या हातानं चिठ्ठी सरकवायचा, महारुद्रराव स्वच्छ हातानं वस्तू सरकवायचे. इंजिनातली एक वस्तू अशी नव्हती की जी त्यांच्या हातून गेली नाही, आणि एक वस्तू अशी नव्हती की जी त्यांनी स्वतः कुठं बसवली. पण एवढी वर्षं पिस्टन आणि रिंगा देत राहिलं की माणसाला वाटायला लागतं, इंजिन आपल्याला येतं. महारुद्ररावांना तर ते पहिल्या पाच वर्षांतच वाटायला लागलं होतं.

त्यांच्या अभिमानाची गोष्ट एकच. दर मार्चला स्टॉक तपासायला साहेब यायचे आणि दर मार्चला फळीवरचे नग रजिस्टरशी जुळायचे. एकतीस वर्षांत एकदाही फरक नाही. निरोपसमारंभात वर्कशॉपचे हेडमिस्त्री दत्तराव बोलायला उभे राहिले, ते एकच वाक्य बोलले. "महारुद्ररावांच्या हातून कधी एक नग कमी पडला न्हाई." टाळ्या पडल्या. मांडीवर शाल आणि नारळ घेऊन बसलेल्या महारुद्ररावांनी भरून येऊन मान लववली. टाळ्या वाजवायचं फक्त दत्तरावांकडूनच राहून गेलं.

राहून जायला कारण होतं. निरोपाच्या सोळा वर्षं आधी, ऐन गाळपाच्या हंगामात, चौदा नंबरच्या ट्रकचं काम निघालं. डिझेल फवारणाऱ्या नोझलखाली बसवायच्या तांब्याच्या चार वायसरी, म्हणजे भोकाच्या गोल चकत्या, दत्तराव खिडकीवरून घेऊन गेले आणि दहा मिनिटांत परत आले. "साहेब, ह्यातली एक येगळी लागायलीय हाताला. बघा की जरा." महारुद्रराव रजिस्टरात होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "नग किती?" दत्तराव म्हणाले, "चार." "मंग?" दत्तराव चारी वायसरी उचलून गेले. चौथ्या दिवशी ऊस भरलेला चौदा नंबर मधल्या रस्त्यात बसला. त्या वेगळ्या वायसरीतून जाळ निसटला होता. चौकशी झाली, रजिस्टर मागवलं, रजिस्टरात नग चार, सही बरोबर. दत्तरावांना बेपर्वाईचा मेमो मिळाला. त्या साली ते हेडमिस्त्री होणार होते, ते पाच वर्षांनी झाले. महारुद्रराव ही हकिकत पुष्कळांना सांगत, आणि शेवटी उसासा टाकून म्हणत, "माणूस चांगला, पण हात बेपर्वा."

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी कारखान्यानं जुने ट्रक लिलावात काढले. महारुद्ररावांनी त्यातला चौदा नंबरच उचलला. ह्या गाडीचा एकेक सुटा भाग आपल्या हातून गेलाय, ही आपलीच लेक म्हणायची, असं त्यांचं म्हणणं. लेक सासरहून आली ती काळा धूर सोडत आणि ऑइल पीत आली. इंजिन खोलायला पाहिजे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शेजारचा मुंजाजी ट्रॅक्टर चालवतो, त्यानं सरळ मार्ग सांगितला.

"जिंतूरला दत्तराव मिस्त्री घरीच असतेत आता. फोन लावा, येतील."

"मिस्त्री कशाला?" महारुद्रराव म्हणाले. "एकतीस साल मिस्त्र्यायला मीच दिलं सगळं. मी सोता बांधतो इंजिन."

त्यांच्या बायकोनं, कडूबाईंनी, हे ओसरीवरून ऐकलं. कडूबाई फार बोलायच्या नाहीत, पण बोलल्या की ते कोरून ठेवल्यासारखं राहायचं. "बांधा," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत अंगण तुमचं. पाडव्याला गाडी धड चालली न्हाई, तर भंगारवाल्याला द्यायची आन् पुना पान्याला हात लावायचा न्हाई. बोला, कबूल?"

"कबूल," महारुद्रराव म्हणाले. मुंजाजी साक्षीला होताच, आणि मुंजाजीला कळलं म्हणजे सांजच्याला पेडगावला कळलं. आता प्रश्न गाडीचा राहिला नव्हता. एकतीस वर्षं हा माणूस खिडकीच्या आत बसून नुसत्या वस्तू सरकवत होता, का त्याला काही येतही होतं, ह्याचा निकाल पाडव्याला लागणार होता. दत्तरावांना फोन करणं म्हणजे तो निकाल आधीच लावून घेणं.

भादव्यात लिंबाच्या फांदीला साखळी बांधून इंजिन उतरवलं. महारुद्ररावांनी मोबाइलवर इंजिनबांधणीचे व्हिडिओ पाहिले, त्यातले निम्मे हिंदीत आणि निम्मे कुठल्या भाषेत ते देव जाणे. पण मांडामांड त्यांची स्वतःची. सगळं सामान ओसरीवर वर्तमानपत्रांवर ओळीनं लावलं, प्रत्येक ओळीशेजारी चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि नग. रोज सकाळी चहाआधी मोजणी. ओसरी बघून मुंजाजी म्हणाला, "इंजिन चालो न चालो, दुकान झ्याक झालंय." महारुद्ररावांना ती स्तुतीच वाटली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घर धुवायचं असतं. कडूबाईंनी अंथरुणापांघरुणापासून कोनाड्यातल्या देवांपर्यंत सगळं बाहेर काढलं. महारुद्रराव हेड घासून आणायला परभणीला गेले होते, म्हणून ओसरीवरचं दुकान त्यांनीच जपून परातींत भरलं, चिठ्ठ्यांसकट. मग तांब्या-पितळेची भांडी घेऊन चिंच लावून घासायला बसल्या. घटाच्या कलशात टाकायचा तांब्याचा पैसाही घासायचा होता. हा पैसा सासूचा, सरजाबाईंचा. त्यांचं माहेर वऱ्हाडातलं, तिकडून लग्नात आलेला तो इंग्रजांच्या वेळचा भोकाचा पैसा. सरजाबाई दर नवरात्रात तो चिंचेनं घासून कलशात टाकायच्या, त्यांच्यामागं कडूबाई टाकतात. सत्तरेक वर्षं घासून घासून त्यावरचा मुकुट पुसट झाला होता आणि एक कड झिजून पातळ पडली होती. घासता घासता कडूबाईंना वाटीतल्या तांब्याच्या चार गोल चकत्या दिसल्या. ग्रीसच्या हातांनी काळवंडलेल्या. त्यांच्या मनात आलं, एवढं सगळं घासायलेच तर ह्या बिचाऱ्यांनी काय पाप केलं? त्याही घासल्या. पाचही चकत्या सुपात उन्हाला ठेवल्या, सारख्या लखलखत होत्या. वाळल्यावर त्यातली एक देवघरात गेली आणि चार वाटीत.

संध्याकाळी महारुद्ररावांनी परातींतलं सामान परत ओळीनं लावलं आणि मोजलं. वाटीत बघितलं, वायसर तांब्याची, नग चार, बरोबर. बायकोनं घासून लख्ख केल्यात हे पाहून ते खूशच झाले.

नवरात्रभर ते इंजिन बांधत होते. आणि खरं सांगायचं तर बरं बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नखांत काळं शिरलं. जेवायला बसले की ते आपले हात जरा पुढंच ठेवत. नोझल बसवताना तिसऱ्या खड्ड्यात वायसर सरळ जाईना, तिला पाइपाच्या तुकड्यानं दोन ठोके द्यावे लागले. नवा माल जरा टाइट असतोच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

खंडेनवमीला पाने, हातोडे, जॅक सगळ्यांना हळदकुंकू लागलं. बॉनेटला झेंडूची माळ चढली. महारुद्ररावांनी सेल्फ मारला. इंजिन खोकललं, थांबलं, परत खोकललं आणि एकदम पेटलं. अंगणात टाळ्या झाल्या. महारुद्ररावांनी खिडकीतून खाली पाहिलं, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. हे त्यांनी कबूल केलं नसतं, पण ओले होते.

मग मुंजाजी म्हणाला, "लंगडायलीय का वो जराशी?"

गाडी लंगडत होती. चारांतले तीन ठोके नीट पडत आणि एक पोकळ जाई. बॉनेटवरचा झेंडू त्या धक्क्यानं नाचत होता. "नवीन बांधलंय, बसायला येळ लागतो," महारुद्रराव म्हणाले. दसऱ्याला ते बायकोला आणि गल्लीतल्या आठ माणसांना घेऊन पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघाले. जाताना गाडी खोकत गेली. येताना परभणीच्या अलीकडच्या चढाला बसायच्या बेतात आली, तेव्हा आठ माणसं खाली उतरून चालू लागली. देवदर्शन करून आलेली माणसं, उघड कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. महारुद्ररावांनी नवी वही घातली. त्यात तक्रार, तपासणी आणि निष्कर्ष असे तीन रकाने पाडले. पहिल्या आठवड्यात डिझेलच्या नळीत हवा अडकलीय असं ठरलं. हवा काढली. लंगडणं तसंच. दुसऱ्या आठवड्यात झडपा दाबणाऱ्या टॅपेटचं अंतर पातळ पट्टी घालून मोजलं, तीनदा मोजलं. लंगडणं तसंच. मग त्यांनी खरी मिस्त्र्याची युक्ती केली. चालत्या इंजिनावर एकेका नोझलच्या डिझेलच्या नळीचा नट ढिला करायचा. ज्याचा ढिला केल्यावर इंजिन आणखी लंगडतं, तो सिलिंडर कामाचा. ज्याचा ढिला केला तरी काही फरक पडत नाही, तो आधीच बसून राहिलेला. तिसऱ्याला फरक पडला नाही. कामचुकार सापडला! त्या दिवशी महारुद्रराव दोन भाकरी जास्त जेवले.

आता तिसऱ्याला रोग काय? त्यांनी तिसऱ्याचा नोझल पहिल्याला लावला आणि पहिल्याचा तिसऱ्याला. नोझल खराब असता तर रोग त्याच्यामागं पहिल्यात गेला असता. रोग तिसऱ्यातच बसून राहिला. म्हणजे नोझल ठीक. त्यासाठी चारी नोझल काढले तेव्हा वायसरी खाली खड्ड्यातच चिकटून होत्या. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं. चार खड्डे, चार वायसरी. वहीत लिहिलं: नग चार, बरोबर.

एक गोष्ट इंजिन त्यांना रोज सांगत होतं. तिसऱ्या नोझलच्या बुडाशी रोज काळी काजळी जमायची, कारण आतला जाळ तिथून फटीनं बाहेर येत होता. पण महारुद्रराव टापटिपीचे. रोज संध्याकाळी डिझेलचा बोळा फिरवून इंजिन आरशासारखं पुसून ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ इंजिनासमोर बसून विचार करत की रोग कुठं असेल.

दिवाळी तोंडावर आली. आता राहिलं होतं ते एकच, हेड उतरवून पिस्टनच्या रिंगा बघायच्या. म्हणजे अर्धं इंजिन परत खोलायचं, आणि दिवस उरले होते चार. महारुद्ररावांचं जेवण कमी झालं. दोनदा त्यांनी मोबाइलमध्ये दत्तरावांचं नाव काढलं आणि दोनदा मोबाइल खिशात ठेवला. मुंजाजीनं तर भंगारवाल्याचा नंबरही आणून दिला, म्हणाला, असू द्या जवळ.

लक्ष्मीपूजनाच्या सांजेला कडूबाई पाटावर मांडामांड करत होत्या. दसऱ्याला घट उठवला तेव्हा कलशातला पैसा आणि सुपारी तशीच ओल्या मातीसकट कुंकवाच्या जुन्या डब्यात ठेवली होती. आता पूजेला लावायचा म्हणून त्यांनी पैसा काढला आणि पदरानं पुसला. पुसता पुसता थांबल्या. परत पुसला, दिव्याजवळ नेला.

"अहो, जरा इकडं या की."

महारुद्रराव ओसरीत वही घेऊन बसले होते. "काय झालं?"

"ह्याच्यावर मुकुट न्हाई. हा आत्याबायचा पैसा न्हाई."

त्यांनी तो हातात घेतला. बोटांनी चाचपला. एकतीस वर्षांत अशा हजारो दिल्या असतील, पार्ट नंबर झोपेतही सांगितला असता. दोन महिन्यांनी का होईना, त्यांनी पहिल्यांदा ती वस्तू नीट पाहिली. दोन्ही बाजूंनी सपाट, कोरी, कडा सारख्या. नवी वायसर. नऊ दिवस घटात बसून, हळदकुंकू लावून घेऊन, देवाच्या डब्यात सुखात राहिलेली.

"अगं, तू घटाला हे टाकलंस?"

"म्या पैसा टाकला," कडूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांपुढं ते सूप आलं असावं. "पाच वाळत घातल्या होत्या," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या चार परत वाटीत घातल्या. तुमी मोजल्या होत्या की."

"मोजल्या होत्या," महारुद्रराव म्हणाले.

पाडव्याला उजाडताच त्यांनी तिसरा नोझल काढला आणि वाकवलेल्या तारेनं खड्ड्यातून वायसर उपसली. ती वायसर नव्हती. काजळीनं काळी पडलेली, ठोक्यांनी एका बाजूला चेपलेली, पण बोटानं काजळी पुसल्यावर भोकाच्या वर पुसट मुकुट दिसला. झिजलेल्या पातळ कडेच्या बाजूनं जाळ बाहेर जाऊन तिथं निळाकाळा डाग पडला होता. त्यांच्या आईचा पैसा तीन आठवडे इंजिनात जळत होता आणि ते रोज वरून काजळी पुसत होते. त्यांना रडूच आलं. आईसाठी आलं असं त्यांना वाटलं, पण डोळ्यांपुढं आई येईना. डोळ्यांपुढं खिडकी आली, आणि खिडकीबाहेर काळ्या तळहातावर चार वायसरी घेऊन उभे असलेले दत्तराव. बघा की जरा. मान वर करायला किती वेळ लागला असता?

देवघरातली वायसर धुवून त्यांनी तिसऱ्या खड्ड्यात ठेवली. ठोकावी लागली नाही, आपोआप बसली. सेल्फ मारला. इंजिन पेटलं आणि चारी ठोके सरळ पडायला लागले. मुंजाजी दात घासत बाहेर आला आणि ब्रश तोंडात ठेवूनच उभा राहिला. "सापडलं व्हय? काय निघालं?" महारुद्ररावांना उत्तर देता आलं असतं. कोणतंही भारी नाव सांगितलं असतं तर गावानं मानलं असतं. ते म्हणाले, "सांगतो. आधी एका माणसाला सांगायचंय."

कडूबाईंनी पाडव्याचं ओवाळलं. ताटात ओवाळणी घालायची म्हणून महारुद्ररावांनी खिशात हात घातला आणि तो काळा पैसा ताटात ठेवला. कडूबाईंनी तो उचलून पाहिला, डागावर बोट फिरवलं.

"चिंचेनं न्हाई निघायचं हे."

"न्हाई निघायचं," ते म्हणाले. "चल, जिंतूरला जाऊन येऊ."

चौदा नंबर जिंतूरपर्यंत एकदाही खोकला नाही. दत्तराव दारातच खुर्ची टाकून बसले होते. गाडी गल्लीत वळायच्या आधीच त्यांनी मान वर केली होती, आवाजावरून ओळखली असावी. महारुद्रराव खाली उतरले. राम राम झाला, दिवाळीचं बोलणं झालं. कडूबाई आत बायकांत गेल्या. मग महारुद्ररावांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सूप, पैसा, वायसर, तीनदा मोजलेला टॅपेट, काजळी, रोजचं पुसणं. पुसण्याशी आले तेव्हा दत्तराव हसले, पण पुढचं ऐकून हसायचे थांबले.

"दत्तराव, तवा तुमी वायसर घेऊन परत आला होतात. मी नग मोजले. बघितलं न्हाई. तुमचा मेमो माझ्या नावाचा होता."

दत्तरावांनी एकदा ट्रककडं पाहिलं. शेजारी पोरं टिकल्या फोडत होती.

"तुमी बघितलं न्हाई हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं, साहेब," ते म्हणाले. "तुमाला कळायला अठरा साल लागले." त्यांच्या आवाजात माफी नव्हती, आणि महारुद्ररावांनी ती मागितलीही नव्हती. दत्तराव उठले, ट्रकजवळ गेले. "चालू करा."

महारुद्ररावांनी गाडी चालू केली. दत्तरावांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. "चारी चालायलेत," ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "दुसऱ्याचा टॅपेट वाजायलाय. बंद करा. मोजला होता म्हणे तीनदा?" त्यांनी बाह्या वर केल्या, बॉनेट उघडलं आणि मागं न बघता, जुन्या सवयीनं, हात पसरला.

"चौदाचा पाना द्या."

महारुद्ररावांनी पेटीतून पाना काढला. हात पुढं केला, आणि मध्येच थांबवला. पाना डोळ्यांजवळ आणून त्यावरचा आकडा वाचला. तेरा होता. त्यांनी तो परत पेटीत ठेवला, चौदाचा शोधून काढला, तोही वाचला, आणि मग दत्तरावांच्या हातात दिला.